टाकीच्या जागेवर तीन सुपाऱ्या

मु. पो. आंबेसांगवी, ता. भूम, जि. धाराशिव
मंगळवार

तीर्थरूप शंभूदादा यांच्या पायाशी धाकटी बहीण सत्यभामा हिचा वाकून नमस्कार (गुडघ्यानं वाकू दिलं तेवढा). इकडं सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, खरं काय ते पुढं वाचालच. तुमची साखर कशी आहे? गोळ्या वेळेवर घेता ना? वहिनींचा खांदा आता वर जातो का? त्यांना सांगा, मी पाठवलेली शेंगांची चटणी त्यांनी शेजारणींना वाटली हे माझ्या कानावर आलंय. राग नाही. चि. अर्पिताला दहावीच्या अभ्यासाबद्दल काही विचारत नाही, कारण सगळे तेच विचारत असणार.

फोन असताना ही कागद घेऊन का बसली, असं तुम्हाला वाटेल. दोन कारणं आहेत. एक, फोनवर तुम्ही "हां, बोल, बोल" म्हणता आणि मागं बातम्या चालू असतात. मागच्या खेपेला नागूबाई वारली असं मी सांगितलं, तर तुम्ही "छान, छान" म्हणालात. दुसरं, तुमचे दाजी हल्ली दिवसभर घरात असतात आणि मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. आत्ता ते दाढी करायला गेलेत, तेवढ्यात जमेल तितकं लिहिते.

आपली टाकी पडली हे तुम्हाला कळलं असेलच. भूम आणि येरमाळ्याच्या मधे तिच्याइतकं उंच काही नव्हतं, निदान आपल्या गावात तरी तसंच सांगतात. तुमचे दाजी पंचायतीत पाणी सोडायच्या कामावर लागले ते त्या टाकीसाठीच, आणि काम सुटलं तरी रोज सकाळी वर चढायचं त्यांनी सोडलं नाही. वर जाऊन कठड्याला धरून उभे राहायचे आणि खाली दिसेल ते गावाला ओरडून सांगायचे. शांताक्काची म्हैस हरभऱ्यात शिरली. येरमाळ्याकडनं यष्टी निघाली. अमक्याच्या घरी पाहुणा येतोय, संगं बाईमाणूस हाय. (येरमाळ्याच्या देवीचा, येडाईचा डोंगरही दिसतो म्हणायचे. खरं-खोटं बघायला दुसरं कुणी इतकं वर गेलेलं नाही.) लोक वैतागायचे, कारण कुणाचा जावई रिकाम्या हातानं सासुरवाडीला आला हेही वरूनच जाहीर व्हायचं. मीही वैतागायचे. पण पाहुणा दाराशी पोचायच्या आत त्या घरात चहाचं आधण चढलेलं असायचं, एवढं मात्र मान्य करायला पाहिजे.

तर गेल्या भाद्रपदात सरकारी माणसं आली, हातोडीनं टकटक करून बघितलं आणि खांबावर लाल रंगानं 'धोकादायक' लिहून गेली. पाणी त्याआधीच माळावरच्या नव्या बसक्या टाकीतून यायला लागलं होतं. म्हणजे पाण्याचं अडत नव्हतं, अडत होतं ते पाडण्याचं. कुणीतरी म्हणालं तेरखेड्याहून दारू आणून उडवू. तिथल्या माणसानं हात जोडले, म्हणाला, आमी लग्नातली शोभेची दारू करतो, टाक्या पाडायची न्हाय. मग जिल्ह्याहून मोठं मशीन यायचं ठरलं, त्याची वाट बघता बघता ते यायच्या आदल्या दुपारी, गाव जेवायला बसलेलं असताना, टाकी आपणहूनच खाली बसली. देवीच्या कृपेनं कुणाला खरचटलंही नाही. पडली ती नेमकी पंचायतीच्या नव्या मुतारीवर, जिचं उद्घाटन व्हायचं होतं. फीत तेवढी शाबूत राहिली. आणि यष्टीचे कंडक्टर अजूनही "टाकी, टाकी" असंच ओरडतात. लोक उतरतात आणि मोकळ्या जागेकडं बघत उभे राहतात.

इथवर सगळं देवाच्या हातात होतं, ते ठीकच चाललं होतं. पुढं ते आपल्या हिंमतरावाच्या हातात गेलं. हिंमतराव आपल्याच गावचा, पुण्यात इमारती बांधतो, आणि गावासाठी काहीतरी करायचं ही हौस त्याला दर दिवाळीला येते. या दिवाळीत त्यानं जाहीर केलं की टाकीच्या जागेवर मी स्वखर्चानं काहीतरी बांधून देतो. एवढ्यावर थांबला असता तर लोकांनी हार घालून मोकळं केलं असतं. पण त्यानं कुठंतरी वाचलं होतं, की परदेशात एक गगनाला भिडलेली इमारत पडली तेव्हा त्या मोकळ्या जागेत काय बांधावं यासाठी नामांकित लोकांकडून नकाशे मागवले, नमुने मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मत विचारलं. झालं. आंबेसांगवीलाही मत विचारायचं ठरलं. आणि मत गोळा करायचं काम कुणाकडं? तर निवृत्त अंगणवाडीताईकडं, कारण तिला सगळी घरं माहीत. दादा, मी पोलिओचे डोस पाजले, शिरगणती केली, कोंबड्यासुद्धा मोजल्या, पण लोकांची मतं गोळा करण्याइतकं घाण काम मी जन्मात केलेलं नाही.

पुण्याहून तीन नमुने आले, पुठ्ठ्याचे, कुंडीएवढे. पहिला काचेचा सात मजली मनोरा (नमुन्यात काचेच्या जागी पातळ प्लॅस्टिक). दुसरी आपल्या जुन्या टाकीसारखीच टाकी, पण आतून पोकळ, अंधार पडला की निळे दिवे लागणारी. तिसऱ्यात काहीच बांधायचं नव्हतं. टाकीच्या पायाएवढा चौकोनी खड्डा, काळ्या फरशीचा, चारी कडांनी पाणी झिरपत राहील असा, आणि त्याचं नाव 'अभाव'. भूम तालुक्यात अभाव बांधायला पुण्याहून माणूस आणावा लागतो, हे मला त्याच दिवशी कळलं.

मी दारोदार फिरले. लोकांना मत नसतं असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठवा. शेजारच्या शांताक्काला खड्डा आवडला, कारण काळी फरशी चांगली तापते, कुरडया एका उन्हात वाळतील. पाणी झिरपणार आहे असं सांगितल्यावर म्हणाली, "पाणी उन्हाळ्यात बंद ठेवा की. एरवीबी बंदच असतंय." किराणा दुकानदार नंदीशला काचेचा मनोरा पाहिजे होता, पण ऊन काचेवरून उलटून त्याच्या गुळाच्या ढेपांवर येईल का याची हमी मी द्यावी असं त्याचं म्हणणं पडलं. (मी.) त्याची सून शिवांजली म्हणाली, फोटो कशापुढं चांगला येईल तेच बांधा. मेंढरंवाल्यांनी विचारलं, खड्ड्यात मेंढरू पडलं तर काढायचं कुणी. काचा पुसायच्या कुणी, हे तर प्रत्येक घरातल्या बाईनं विचारलं, आणि प्रत्येक घरातल्या पुरुषानं त्या बाईकडंच बघितलं. म्हातारी मंडळी पोकळ टाकीवर जरा विरघळली, पण त्यांच्यातलाच एक म्हणाला, "रिकामी टाकी आमी दर उन्हाळ्याला बघितलीया. तिला दिवे कशाला लावायचे?" यातलं कुठलं मत कुठल्या रकान्यात घालायचं ते परदेशातल्या लोकांनाच माहीत.

मग मी एक अक्कल चालवली, ती मला भोवली. नमुने देवीच्या सभामंडपात मांडले, कारण सावली आणि कुलूप दोन्ही तिथंच आहे, आणि दवंडी दिली की जो आवडेल त्याच्यापुढं प्रत्येक घरानं एक सुपारी ठेवायची. माझा हिशेब साधा होता. चिठ्ठ्या लिहायला नकोत, शेवटी सुपाऱ्या मोजल्या की काम संपलं. पण मी बाईमाणूस असून हे विसरले कशी कोण जाणे, की देवळात सुपारी मांडायची तर आपल्या बायका ती विड्याच्या पानावर मांडणार, आणि पानावर मांडली की तिला हळदकुंकू लावणार. पहिली शांताक्का आली. तिनं खड्ड्यापुढं पान मांडलं, सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि उठता उठता तिची नजर शेजारच्या दोन नमुन्यांवर गेली. आता तीन सवाशिणी शेजारी बसल्यात आणि आपण एकीलाच कुंकू लावून निघून गेलो, असं कधी कुणी केलंय का? तिनं कनवटीच्या आणखी दोन सुपाऱ्या काढल्या. तिच्या मागं रांग होती. रांगेनं ते बघितलं.

दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक घरानं तिघांपुढंही सुपारी ठेवली होती. मी मंडपाच्या दाराशी उभी राहून घसा फोडून सांगत होते, अगं एकच, एकच ठेवायची. बायका माझ्याकडं अशा बघत होत्या की मीच त्यांना दुजाभाव शिकवतेय. मंगळवार असल्यानं गर्दी वाढली. कुणी उदबत्ती लावली, कुणी नारळ फोडला, पोकळ टाकीला कुणीतरी सुताचा धागा गुंडाळला, खड्ड्यात पळीपळीनं पाणी घातलं, ते पुठ्ठ्यात मुरून अभाव फुगून वर आला. आणि आरतीच्या कापरानं काचेच्या मनोऱ्याचे वरचे तीन मजले वितळून एका अंगाला वाकले. म्हणजे वर्षाच्या आत गावातलं दुसरं उंच बांधकाम पडलं, आणि याही वेळी मशीन लागलं नाही. मी कपाळाला हात लावून तिथंच पायरीवर बसले. माझी स्वतःची सुपारी हातातच राहिली होती, ती कातरून खाल्ली.

हिंमतराव नमुने न्यायला गाडी घेऊन आला, तर शिवशरण गुरव दारात आडवा. म्हणाला, कुंकू लागलेली वस्तू गाडीच्या डिकीत घालता येत न्हाय, विसर्जन करावं लागतंय. हिंमतराव म्हणाला, पुठ्ठ्याच्या आहेत हो त्या. शिवशरण म्हणाला, "गणपती तरी कशाचा असतोय? मातीचाच की." विसर्जन करायचं तर पाणी पाहिजे, ओढा कोरडा, विहिरीचे मालक पुठ्ठा टाकू देईनात. नमुने अजून तिथंच आहेत आणि त्यांना रोज फूल पडतं.

शेवटी महिन्यामागं एका रविवारी ग्रामसभा भरली. सुपाऱ्या मोजल्या, तिन्ही ढीग सारखे. हिंमतराव चिडला होता, पण मुरब्बी माणूस, म्हणाला लोकांचा कौल शिरसावंद्य, तिन्ही एकत्र करू. खाली काचेचा मनोरा, त्याच्या डोक्यावर पोकळ टाकी, आणि भोवतीनं खड्डा. टाळ्या पडल्या. (खड्डा ओलांडून मनोऱ्यात शिरायचं कसं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा मत गोळा करायला मलाच पाठवलं असतं, म्हणून मीही गप्प बसले.) सभा उठायच्या बेतात होती तेवढ्यात तुमचे दाजी उभे राहिले. दादा, ते सभेत कधी बोलत नाहीत, त्यांना बोलायला उंची लागते. देवळात जाऊन त्यांनी तिन्ही नमुन्यांना फेरा मारला होता, वाकून खालूनसुद्धा बघून आले होते. म्हणाले, "ह्यात वर जायचं कुठनं?" हिंमतराव हसला. वाईट मनानं नव्हे, समजूत घालावी तसा. म्हणाला, "धोंडीबातात्या, वर कुणी जायाचंच न्हाय. ते खालनं बघायचं असतंय."

लोक हसले आणि पांगले. तुमचे दाजी घरी आले, ताटावर बसले आणि उठले. भाकरी तशीच. त्या दिवसापासून घरात एक शब्द नाही. मी तीस-पस्तीस वर्षं देवीला सांगत आले की ह्यांचा आवाज जरा बसू दे, आणि आता बसलाय तर मला स्वयंपाकात मीठ घातलंय की नाही ते आठवत नाही.

आणि नुसते गप्प बसले असते तरी चाललं असतं. ते चढायला लागलेत. पहिल्यांदा नंदीशच्या स्लॅबवर चढले, आणि नजर लांब येरमाळ्याच्या रस्त्याकडं असल्यानं पायाखाली त्याच्या आईचे सांडगे आले. भांडण मिटवायला मला डबाभर सांडगे घालून द्यावे लागले. मग शाळेपुढच्या लिंबावर चढले. चढले, पण सदुसष्टाव्या वर्षी उतरता येईना. मांडववाल्याची शिडी आणेपर्यंत शाळेची पोरं खाली वर्तुळ करून बसली होती, आणि हे वरून काहीच बोलले नाहीत, एवढे नाराज. मी खाली पदर डोक्यावर घेऊन उभी होते आणि जिवाच्या आकांतानं त्यांना वाट्टेल ते बोलत होते. मागच्या आठवड्यात मात्र माळावर गेलेल्या बायकांनी येऊन सांगितलं, तुमचं माणूस मोबाईलच्या टॉवरपाशी उभं हाय. मी चपला न घालता गेले. पहिल्या दांडीवर हात ठेवून वर बघत उभे होते. मला म्हणाले, "रंग उडालाय का ते बघत होतो." दादा, मी चाळीस वर्षं या माणसाबरोबर राहिलेय, रंग बघणारा माणूस मान अशी धरत नाही. मला भीती वाटते. चेष्टा पुरे, सरळ लिहिते, मला फार भीती वाटते. ते चढतील आणि पडतील, आणि गाव पुन्हा माझ्याकडंच येईल, त्या जागी काय बांधायचं विचारत.

बाकी ठीक. तुरी बऱ्या आहेत. मला तुमच्याकडून काही नको, कुणापाशी तरी मन मोकळं करायचं होतं एवढंच. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. काळजी करू नये.

तुमची धाकटी,
सत्यभामा

ता. क. : काही नको म्हणाले ते खरं नाही. तुम्ही पुण्यात अकराव्या मजल्यावर राहता. ते घर मला कधी आवडलं नाही, माणसानं कावळ्यांच्या वर राहू नये असं माझं मत होतं, ते मी परत घेते. दाजींना महिनाभर बोलावून घ्या. हवापालटाला या म्हणालात तर येणार नाहीत. तुमच्या इमारतीच्या टाकीचा व्हॉल्व गळतोय आणि पुण्याच्या माणसांना जमत नाही, असं सांगा, म्हणजे पिशवीत पाना घालून त्याच दिवशी निघतील. व्हॉल्वला हात मात्र लावू देऊ नका, ते दुरुस्त करतात तेव्हा दुसऱ्या ठिकाणी गळायला लागतं. नुसतं गॅलरीत उभं राहू द्या. गॅलरीचा कठडा त्यांच्या छातीएवढा आहे ना, तेवढं एकदा बघून ठेवा.

आणखी ता. क. : गच्चीची किल्ली तुमच्या सेक्रेटरीकडं असते म्हणे. ती मागून आणून कुठंतरी लपवा.

शेवटचं ता. क. : गुरुवार. घात झाला. पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं, ते दाजींनी वाचलं. रागावले नाहीत. व्हॉल्वची थाप आपल्याला ठाऊकच नाही असं धरून चालणार आहेत, तेव्हा तुम्हीही ती मारायचीच, मोडता घालू नका. बऱ्याच दिवसांनी जेवताना बोलले, आणि बोलले ते एकच विचारायला, की अकराव्या मजल्यावरनं हाक मारली तर खाली ऐकू जातंय का. मी म्हणाले, जातं की, चांगलं जातं. साफ खोटं बोलले. मागं तुमच्याकडं होते तेव्हा भाजीवाल्याला हाक मारून माझा घसा कोरडा पडला, एकानं मान वर केली नाही. तर दादा, एवढं माझ्यासाठी करा, तुमच्या फाटकावरच्या वॉचमनला आजच सांगून ठेवा. सकाळी वरून कुणी ओरडून म्हणालं, दूधवाला आलाय, किंवा तुझी टोपी खुर्चीवर राहिलीया, तर त्यानं एकदा मान वर करून हात हलवायचा.